जुना हुक द्या, नवा घ्या

माझ्या तुर्भ्याच्या दुकानात मागच्या भिंतीवर लोखंडी हुक टांगलेले आहेत. काळे, जुने, मुठी झिजलेल्या. नवं गिऱ्हाईक आत आलं की त्याची नजर आधी तिकडे जाते. भाव विचारला तर मी सांगतो, विकायचे नाहीत. पुन्हा विचारला तर माझा आवाज चढतो. वाशीहून एकदा हॉटेलं सजवणारा एक जण आला होता. कपाळावर गॉगल, हातात मोजपट्टी. म्हणाला, "काका, अख्खी भिंत द्या. मी सगळंच उचलतो. गावाकडचा लुक येईल." मी म्हटलं, "आधी स्वतःला उचल आणि बाहेर हो." तो हसला. त्याला वाटलं, मी भाव वाढवतोय. त्यात त्याची चूक नव्हती. मी भाव वाढवायला बसलो की समोरच्याचा चहा गार होतो, अशी माझी बाजारात ख्याती होती.

ते हुक बनवले मी, पण त्यांचे मालक दुसरे आहेत. कुणी गावाला परत गेले, कुणी वारले, कुणाची मुलं आता एसीत बसून कंटेनरचे कागद करतात. त्यातल्या एका हुकाच्या मालकाशी माझं भांडण झालं होतं. तो ते अर्धवट टाकून गेला. दुकान आता भाचा बघतो आणि मला वेळच वेळ आहे, पण राग काही उतरलेला नाही. म्हणून लिहायला बसलो.

ज्यांनी घाऊक बाजारातली हमाली पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. धान्याची भरलेली गोणी हाताने धरता येत नाही. तिला कान नसतात, काठ नसतो, आणि ठासून भरलेली असली की बोटं आत रुतत नाहीत. म्हणून माथाडी कामगार हुक वापरतो. बोटाएवढी जाड सळई तापवून वाकवायची, एका टोकाला अणी काढायची, दुसऱ्या टोकाला आडवी लाकडी मूठ बसवायची. मूठ आवळली की सळई दोन बोटांच्या फटीतून बाहेर येते, हाताला लोखंडाचं बोट फुटल्यासारखी. ती गोणपाटात रुतवायची, ओढायची, गोणी पाठीवर घ्यायची. अणी फार तीक्ष्ण असली तर गोणी फाटते आणि व्यापारी ओरडतो. बोथट असली तर निसटते आणि माणूस पडतो. या दोघांच्या मधली अणी काढणं हा माझा धंदा.

मी कराडच्या बाजूचा. शाळा जेमतेम. मशीद बंदरला एका भट्टीवर भाता ओढत काम शिकलो. पुढे बाजार खाडी ओलांडून इकडे आला, त्याच्या मागोमाग मीही आलो. पत्र्याची शेड, ऐरण, ग्राइंडर आणि तोंड, एवढ्यावर दुकान उभं केलं. मला कुणी कधी काही फुकट दिलं नाही, त्यामुळे मलाही ती सवय लागली नाही. नव्वदच्या दशकात माझा हुक धान्य बाजारात सगळ्यांच्या खांद्यावर दिसायचा. प्रत्येक हुकाच्या मानेवर मी पंचाने दोन टिंबं ठोकायचो. 'दोन टिंबांचा दे' म्हटलं की माझाच.

तातोबा त्या बाजारात एका टोळीचा मुकादम होता. टोळी म्हणजे एकत्र काम करून मजुरी वाटून घेणारी माणसं. मुकादम त्यांच्यातलाच एक, त्यांच्याइतक्याच गोण्या उचलणारा. फक्त बोलायचं काम त्याच्याकडे. तातोबा साताऱ्याकडचा, माझ्या गावापासून फार लांबचा नव्हे. अंगाने काडी, आवाज डब्यात खडा घातल्यासारखा. दुपारी जेवण झालं की माझ्या शेडच्या ओट्यावर बसून तंबाखू मळायचा. आमच्यात दोस्ती होती असं मी म्हणतो. बघणाऱ्याला ती रोजची भांडणंच वाटत.

एकदा दिवाळीनंतर तो असाच बसला होता.

"मिस्तरी, तुझा हुक दिवाळी झाली की दारू पितुया. मी ह्यकडं म्हनतो, त्यो त्यकडं जातुया."

"मग पावसाळ्यातच काम कर."

"आन बाकीचं वरीस काय खाऊ? तुझी टिंबं?"

त्याचं खरं होतं. मुठीचं लाकूड बाभळीचं. पावसाळ्यात ते फुगतं आणि सळईला घट्ट आवळतं. ऊन तापलं की सुकतं, भोक सैल होतं, आणि गोल सळई मुठीतल्या मुठीत फिरायला लागते. ऐन ओढीला अणी वळली की गोणी सुटते. माणूस जमिनीवर असला तर गुडघ्यावर निभावतं. पण तो थप्पीवर, म्हणजे रचलेल्या गोण्यांच्या उंच ढिगावर असला, तर मागे धरायला काही नसतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्या लोहारांचे हुक असेच होते. लोक मूठ रात्रभर पाण्यात ठेवायचे, भोकात सुतळी कोंबायचे आणि कामाला लागायचे.

तातोबाने चहाचा ग्लास मुठीत धरला. "फिरव." मी फिरवला, फिरला. मग त्याने खिशातून काडेपेटी काढून मुठीत आवळली. "आता ही फिरव." काडेपेटी हलेना.

"गोल हाय ते फिरतंय. कोपरं असल्यालं फिरत न्हाई. तुझ्या सळईला कोपरं काढ की, मर्दा."

एवढं बोलून काडेपेटी खिशात टाकली आणि गेला.

ऐकायला सोपं आहे. करायला घेतलं तेव्हा कळलं. सळईची शेपटी चौकोनी ठोकली तर गोल भोकात बसेना. चौकोनी भोक पाडलं तर मूठ कोपऱ्यातून चिरायची. कितीतरी मुठी मी चुलीत घातल्या. शेवटी जमलं ते असं: आधी लहान गोल भोक पाडायचं, मग लाल तापवलेली चौकोनी शेपटी त्यात दाबायची. ती जाळत जाळत आपली जागा आपणच करते. वर पोलादी चकती घालायची आणि टोक ठोकून पसरायचं. त्या दिवसांत माझ्या कपड्यांना बाभळीच्या धुराचा असा वास यायचा की बायको दारातूनच म्हणायची, बाहेर काढा आणि मग आत या. अख्खा उन्हाळा मी एक हुक वापरून पाहिला. मुठीत तो तसूभर हलला नाही. कोळसा माझा, लाकूड माझं, भाजलेली बोटं माझी. नव्या हुकाला मी जुन्यापेक्षा जास्त भाव लावला. का लावू नये?

पहिला नवा हुक घेतला इब्राहिमभाईंनी. ते उरणच्या बाजूचे, मासळीसाठी बर्फ पुरवायचे. लाद्या ओढायला त्यांच्याकडे माझाच जुना हुक होता. नवा त्यांनी मुठीत धरला, मनगट फिरवून पाहिलं. म्हणाले, "चीज बदलली, दाम बदलला. बरोबर आहे." पैसे ठेवले आणि निघाले. असं गिऱ्हाईक सकाळी पहिलं यावं, दिवस चांगला जातो.

मग दुपारी टोळी आली. सगळीच्या सगळी.

"नवा काढलास म्हनं," तातोबा म्हणाला.

"काढला."

"मग आमचे बदलून दे."

"देतो की. जुने आणा, भंगाराचा भाव वजा करतो."

"वजा न्हाई. बदलून."

"म्हणजे फुकट?"

"फुकट कसं? पैसं दिल्यात की आमी."

"तेव्हा दिलेत, तेव्हाचा हुक घेतलात. वडेवाल्याने आज चटणी चांगली केली म्हणून कालच्या गिऱ्हाइकाला आज वडा फुकट देतो का?"

टोळीतले दोघं-तिघं हसले. तातोबा नाही हसला.

"वडा खाल्ला, संपला. तुझा हुक आज बी माझ्या हातात हाय, उद्या बी हाय."

"मग वापर की. मोडलाय का?"

"मोडला असता तर टाकून दिला असता. न मोडता फिरतुया, हेच तर दुखनं हाय. आन हे बघ मिस्तरी, तुला म्हाईत न्हवतं तवर इकलास, त्याबद्दल आमचं काय म्हननं न्हाई. आता तुला म्हाईत हाय."

मी काही बोलणार तेवढ्यात त्याने दुसरीकडून वार केला. खांदेश्वरला मला सरकारी सोडतीत घर लागलं होतं. आमच्यानंतर ज्या इमारती झाल्या, त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर टाइल्स लावून दिल्या होत्या, आमच्यात नुसता गिलावा. मी ऑफिसात जाऊन टेबल बडवून भांडलो होतो, की आमच्या घरांनाही लावून द्या. आणि आवाजाला सोबत म्हणून तातोबालाच घेऊन गेलो होतो.

"त्या टायली कंच्या हिशोबानं मागत हुतास रं?"

"ते सरकार आहे. मी एकटा माणूस आहे."

"आन टायल न्हाई म्हनून तुझी बायकू कंदी थप्पीवरनं पडली न्हाई."

आता सगळेच हसले. मला हसणं सहन होत नाही, माझा तो स्वभावच आहे. हातोडा ऐरणीवर आपटला आणि म्हणालो, "सुधारणा मी केली. डोकं माझं, भट्टी माझी. तुमचा काय संबंध?"

तातोबाने खिशात हात घातला. काडेपेटी काढून ऐरणीवर ठेवली. टोळीला मानेने खूण केली आणि सगळे निघून गेले. काडेपेटी तिथेच राहिली. मी ती उचलून फळीवर टाकली.

त्यानंतर ओटा रिकामा राहू लागला. त्या टोळीचं बघून दुसऱ्या टोळ्याही येईनात. नवे हुक खिळ्याला लटकून राहिले आणि बाजारात लोक माझ्याच जुन्या हुकांत सुतळी कोंबून काम करत राहिले. मी चुकलो होतो असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही सरसकट वाटत नाही. प्रत्येक सुधारणा जर मागच्या सगळ्या गिऱ्हाइकांना वाटून द्यायची असेल तर कोण लोहार सुधारणा करेल? जुनंच ठोकत बसणं परवडेल त्याला. हे मी समोरच्या चहावाल्याला सांगितलं, बायकोला सांगितलं, भिंतीला सांगितलं. पण 'आता तुला म्हाईत हाय' हे वाक्य रिकाम्या दुकानात फार ऐकू येतं.

सौदा करणारा माणूस आपण होऊन समोरच्याच्या दारात जात नाही. मी गेलो नाही. मी रंगाने दुकानाच्या पत्र्यावर लिहिलं, जुना हुक द्या, नवा घ्या. आणि भट्टीकडे तोंड करून बसलो.

दुसऱ्या दिवशी मागून आवाज आला, "किंमत लिवायची ऱ्हायली का रं?"

"नाही राहिली."

टोळी आत आली. वाटलं, मिटलं. पण खरी घासाघीस पुढेच होती, आणि ती पैशाची नव्हती.

मी म्हणालो, "जुने इथे ठेवा." एक जण म्हणाला, "जुना कशाला पायजे?" मी सांगितलं, त्यावर माझी दोन टिंबं आहेत. तुम्ही नवा घ्याल आणि जुना मेव्हण्याला द्याल. तो पडला तर नाव माझं. जुने भट्टीत जाणार, नाहीतर नावड्याच्या भंगारवाल्याकडे.

मग टोळीतला म्हातारा बाबू म्हणाला, "भट्टीत न्हाई द्यायचा."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. शेतकरी विळा पुजतो, न्हावी वस्तरा, मी माझा हातोडा. माथाडी हुक पुजतो. घासून धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचं फूल घालतो, आणि त्या दिवशी त्याने गोणी उचलत नाही. असं पुजलेलं हत्यार मोडायला द्यायचं म्हणजे घरातलं माणूस विकल्यासारखं त्यांना वाटत होतं. नवा पाहिजे आणि जुनाही ठेवायचा. मी म्हटलं, दोन्ही मिळणार नाही. ते म्हणाले, मग नवाच नको. फुकट देतो म्हणणारा मी आणि नको म्हणणारे ते. असा उलटा सौदा मी आयुष्यात दुसरा केला नाही. दुपारची पाळी सुरू व्हायची वेळ झाली तरी तोंडं चालूच.

तोड तातोबाने काढली. "मोडू नको, इकू नको. तुझ्या भितीवर टांग. कुनाच्या हातात जायाचा न्हाई, तुझं काम झालं. नवमीला आमी हितं यिऊन पुजू, आमचं झालं."

मी भिंतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "ठरलं," म्हणालो.

इथे बाजाराची एक रीत सांगायला पाहिजे. सौदा पक्का झाला की जाता जाता एकाने दुसऱ्याला एक टोचणी द्यायची. 'आज मला नागवलंत' किंवा 'तुमच्यासारखं गिऱ्हाईक वैऱ्याला मिळो'. समोरच्याने उलट टोचायचं. मग चहा येतो. टोचणी दिली नाही तर सौदा मनापासून झाला नाही, असं मानतात. म्हणून मी रीतीप्रमाणे तातोबाला म्हणालो, "तुला स्वतःला फुकट पाहिजे होता, म्हणून सगळी टोळी पुढे केलीस. हुशार आहेस."

एवढंच बोललो. याहून वाईट आम्ही एकमेकांना रोज बोलायचो.

तातोबाने उलट टोचलं नाही. ऐरणीवर ठेवायला काढलेला स्वतःचा हुक त्याने परत खांद्याला अडकवला.

"माझा सोडून," म्हणाला.

"म्हणजे?"

"टोळीचे बदल. माझा सोडून. ठरलं."

"अरे, बोलायची रीत असते ती."

"ठरलं म्हनलं न्हवं."

चहा आला. तो न पिता गेला.

मी त्या आठवड्यात सगळ्या टोळीचे हुक बदलून दिले. इतर टोळ्यांचेही दिले, जो आला त्याला दिले. भिंतीवर खिळे ठोकता ठोकता दिवाळीचे पैसे खिळ्यांतच जाणार, असं बायको म्हणाली. नवमीला सकाळी सगळे आंघोळी करून आले. भिंतीवरच्या हुकांना हळदकुंकू लागलं, झेंडू अडकला, प्रत्येकाला आपला हुक लांबून ओळखू येत होता. तातोबाने नारळ फोडला. त्याचा स्वतःचा हुक त्याच्या खांद्यावर होता, कुंकू लावलेला. मी खोबऱ्याच्या तुकड्याबरोबर एक नवा हुक त्याच्या हातात दिला. "घे आणि गप बस." त्याने खोबरं तोंडात टाकलं आणि हुक ऐरणीवर ठेवला. "ठरलंय," म्हणाला. रागावलेला नव्हता. ओट्यावर पुन्हा बसायला लागला होता, पुन्हा भांडायला लागला होता. तंबाखू मळता मळता हुकाच्या भोकात सुतळी कोंबायचा, माझ्या डोळ्यांदेखत. मी बाबूच्या हातून त्याच्या घरी, कोपरखैरण्याला, नवा हुक पाठवला. तो बाबूच्याच हातून परत आला. काडेपेटी माझ्या फळीवर पडून होती. त्याने मागितली नाही, मी दिली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तो पडला.

मी भट्टीवर होतो. बाबू धावत आला आणि दारातच बसला. "मुकादम थप्पीवरनं गेला," म्हणाला. मी पोचलो तेव्हा त्याला टेम्पोत घालून नेलं होतं. थप्पीच्या पायाशी गहू सांडला होता आणि एकाची चप्पल पडली होती.

त्या दिवसापासून बाजार बोलायला लागला. कुणी म्हणे पाय घसरला, वर दाणे सांडलेले होते. कुणी म्हणे हुक फिरला. फिरला म्हणणारा माझ्याकडे बघून बोलायचा. मी बदलून देत होतो, त्याच्या हातात नेऊन ठेवला होता, घरी पाठवला होता, हे माहीत असलेली माणसं अख्ख्या बाजारात होती. एकानेही तोंड उघडलं नाही. आजही धान्य बाजारात जुनं कुणी भेटलं तर म्हणतं, 'तुमच्या हुकावरून पडला ना तो?' मी उत्तर देतो ते छापण्यासारखं नसतं.

हॉस्पिटलात गेलो. पिशवीत नवा हुक होता. का नेला ते मला सांगता येणार नाही, सवयीने नेला. तातोबा उताणा पडला होता, कमरेखालचं काही हलत नव्हतं. त्याने पिशवीतून डोकावणारी मूठ पाहिली.

"आता ह्यो घिऊन काय पाठ खाजवू?" म्हणाला आणि हसला. हसल्यावर कळ आली, डोळे मिटले.

मी पिशवी खाटेखाली सरकवली. मग विचारलंच, "हुक फिरला का रे?"

"ध्यान न्हाई."

"आठव ना. पाय गेला की हुक फिरला?"

"मिस्तरी, ध्यान न्हाई म्हनलं न्हवं." आणि छताकडे बघत राहिला.

ज्या माणसाला प्रत्येक गोणीचं वजन आणि प्रत्येक व्यापाऱ्याची शिवी ध्यानात असायची, त्याला एवढं ध्यानात नव्हतं? की ध्यानात असूनही त्याने मला माफ केलं? मी काही मागायला गेलो नव्हतो. मला खरं काय ते पाहिजे होतं, आणि त्याने हातात हे दुसरंच ठेवलं. माझा राग आहे तो याचा. स्वतः माझ्याकडून काही फुकट घेतलं नाही आणि मला मात्र देऊन गेला.

त्याला गावाला नेलं. पावसाळ्यात तो गेल्याचं बाबूने सांगितलं. मी गेलो नाही. जायला पाहिजे होतं असं घरचे म्हणाले.

लोक मला विचारतात, इतकी वर्षं हत्यारं विकलीत, तुमचं मत काय? माल सुधारला तर जुन्या मालकाला नवा फुकट द्यावा का? मी सांगतो, इब्राहिमभाई बरोबर होते. हुक नुसता जास्त चांगला झाला असता, मूठ मऊ झाली असती, रंग आला असता, तर मी एकालाही बदलून दिला नसता आणि झोपही लागली असती. पण जुन्यात खोट आहे हे कळल्यावर, ती वापरणाऱ्याच्या अंगावर येते हे कळल्यावर, तातोबा बरोबर होता. कुठे चांगलं करणं संपतं आणि कुठे खोट सुरू होते, ते मला अजून नीट आखता येत नाही. सौदा करणाऱ्याला आखता आलं पाहिजे.

त्या वर्षी अष्टमीला मी शेड झाडत होतो. दुसऱ्या दिवशी टोळ्या पुजेला येणार होत्या. दारात हौसावहिनी उभ्या होत्या, तातोबाची बायको. गावाहून परस्पर आल्या होत्या, पायावर एस्टीची धूळ. हातात त्याच्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. उलगडायच्या आधीच मला कळलं.

"भावजी, ह्यो बी टांगा त्यांच्यात."

मी हुक घेतला. हातांना जी सवय असते तेच त्यांनी केलं. डाव्या हाताने मूठ धरली, उजव्याने सळई फिरवली. फिरली. भोकातून सुतळीचे सुकलेले धागे गळून पडले. दोन टिंबं वर होती ती खाली गेली.

"फिरतुया न्हवं?" वहिनी म्हणाल्या.

"हो."

"रोज रातच्याला पान्यात घालायचे. मी म्हनायची, बदलून आना की. म्हनायचे, ठरलंय."

मी खिळा ठोकला. बाबूच्या हुकाच्या शेजारी जागा होती, तिथे टांगला. वळलो तर वहिनी तिथेच उभ्या.

"आता नवा द्या."

मला कळेना.

"भाईर पत्र्यावर लिवलंय, लोकांनी मला वाचून दावलंय. जुना दिला. नवा द्या."

"वहिनी, नव्याचं तुम्ही काय करणार?"

"उद्या नवमी हाय. द्येवाम्होरं काय पुजू? रिकामा पाट मांडू व्हय?"

मी खिळ्यावरचे चांगले निवडून तीन-चार हुक त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. भाजी निवडतात तसे बघत होत्या, पण मन बसेना.

"ह्यात त्यांचं काय हाय?" म्हणाल्या. "कुनाचा बी असंल ह्यो. त्यांचा हात सुदीक लागल्याला न्हाई ह्याला."

मी त्यातला एक हातात घेतला. सळई लाकडात जिथे शिरते ती जागा त्यांच्यापुढे धरली.

"इथे बोट लावा. काय लागतं?"

त्यांनी अंगठा फिरवला. "कोपरं लागत्यात."

"ती तातोबाची. त्याने सांगितली, मी काढली. तेव्हापासून बाजारात जेवढे हुक गेले तेवढ्यांना ती आहेत."

त्यांनी अंगठा काढला नाही. कोपऱ्यांवरून पुन्हा फिरवला. "मला कंदी बोलले न्हाईत ह्ये."

"मला बोलला होता."

फळीवरून काडेपेटी काढली, धूळ पुसली आणि दिली. "ही पण त्याचीच राहिली होती." त्यांनी हलवून पाहिली. आत काड्या वाजल्या. कमरेच्या पिशवीत टाकली. हुक त्याच टॉवेलात गुंडाळला, गाठ मारली आणि निघाल्या.

दारापर्यंत गेल्या, तिथे थांबल्या. माथाडीच्या घरात जन्म काढलेली बाई, बाजाराची रीत त्यांना ठाऊक होती.

"लई येळ लावलात भावजी, बदलून द्यायला."

यावर मी उलट काहीतरी टोचून बोलायचं असतं.

मी नुसता चहा सांगितला.